नवा मॅनेजर कामाचा आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुटबॉल क्लबने नवा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) आणलाय, लहान लीगमध्ये चॅम्पियन झालेला, मोठ्या लीगचा अनुभव शून्य. फॅन्समध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतोय दुसरा क्लॉप (लिव्हरपूलला चॅम्पियन करणारा मॅनेजर) सापडला, दुसरा म्हणतोय सहा महिन्यांत घरी जाणार; विचारणारा पहिल्या तटात, त्याचा मित्र दुसऱ्या, आणि दोघांत पार्टीची पैज. तर फुटबॉलमध्ये आतून काम केलेल्या कोणीतरी सांगावं की कोण बरोबर.

मी बारा वर्षं व्हिडिओ ॲनालिस्ट होतो. मॅच कापायची, क्लिप्स काढायच्या, मॅनेजरसमोर ठेवायच्या, आणि त्याने "ही नको, ती दाखव" म्हटलं की रात्री परत बसायचं, हे काम. त्या काळात माझ्या डोक्यावरचे मॅनेजर सात वेळा बदलले. पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात हो. नवा ट्रॅकसूट, सगळ्यांशी हात मिळवणं, "या ग्रुपमध्ये मला भूक दिसतेय" छाप भाषण. पहिल्या आठवड्यात मी मनात बांधलेला अंदाज सातपैकी चार वेळा सपशेल चुकलाय, आणि मी तर रोज त्याच्या शेजारच्या खोलीत बसायचो. त्यामुळे प्रेस कॉन्फरन्स बघून ठाम मत बनवणाऱ्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं.

आधी त्या "लहान लीग" वाल्या मुद्द्याचं बघू, कारण वाद तिथेच अडकलेला दिसतोय. डच लीगमधून इंग्लंडला आलेले तीन जण घ्या. फ्रँक डी बोअरने आयाक्सला २०११ ते २०१४ सलग चार वेळा चॅम्पियन केलं. २०१७ मध्ये तो क्रिस्टल पॅलेसला आला आणि लीगच्या चार मॅच, चार पराभव, शून्य गोल, ७७ दिवसांत बाहेर. एरिक टेन हाग पण आयाक्सचाच, २०२२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, दोन सीझनमध्ये दोन कप जिंकले आणि तिसऱ्या सीझनच्या ऑक्टोबरमध्ये गेला, म्हणजे ना धड फेल ना धड पास. आणि आर्ने स्लॉट फायनूर्डमधून २०२४ मध्ये लिव्हरपूलला आला, पहिल्याच सीझनला प्रीमियर लीग. लीग तीच, रिझल्ट तीन टोकांना. मग "लहान लीगमधला आहे" या वाक्यातून तुम्हाला नक्की काय कळलं? काहीच नाही. आणि "तिकडे चॅम्पियन होता" यातूनही काही नाही, डी बोअर चार वेळचा चॅम्पियन होता.

माझं म्हणणं एकच आहे आणि बाकी सगळं त्याच्याच भोवती फिरतंय. मॅनेजर चांगला की वाईट हा प्रश्न एकट्या मॅनेजरबद्दल नसतोच. त्याला काय खेळवायचंय, त्याच्या हातात कोणते खेळाडू पडलेत, आणि त्या दोन्हीतलं अंतर कापायला त्याला किती दिवस मिळणारेत, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय उत्तर निघत नाही.

स्लॉटचंच बघा. त्याच्या हातात क्लॉपने नऊ वर्षांत घडवलेली टीम आली. वर प्रेस करायची (विरोधकांना त्यांच्याच भागात घेरायची) सवय, बॉल गेला की लगेच मागे लागायची सवय, हे सगळं खेळाडूंच्या पायात आधीच होतं. पहिल्या समरमध्ये लगेच वापरायला म्हणून विकत घेतलेला खेळाडू एकच, किएझा, आणि तोही लीगमध्ये फारसा खेळला नाही. स्लॉटने काय केलं तर तीच टीम जरा शांत केली, बॉल जास्त ताब्यात ठेवायला लावलं, मिडफिल्डमध्ये खाव्हेनबर्खला मागे घेतलं. अंतर थोडं होतं, ते त्याने हुशारीने कापलं. याला नशीब म्हणणारे आहेत, मी नाही म्हणत, कारण नव्या मॅनेजरला सगळ्यात अवघड काय जातं माहितीये का? चालत असलेल्या गोष्टीला हात न लावणं. प्रत्येकाला आपला ठसा उमटवायचा असतो.

डी बोअरच्या हातात काय पडलं होतं? आदल्या सीझनला ॲलरडाईसच्या हाताखाली खाली बसून डिफेन्ड करायचं आणि लांब बॉल टाकून पळायचं अशी खेळलेली, रेलिगेशनमधून (खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यातून) कशीबशी वाचलेली टीम. तिला त्याने तीन सेंटर बॅक (मधले डिफेंडर) लावून मागून पास करत यायला सांगितलं. अंतर केवढं, आणि वेळ चार मॅच. गंमत म्हणजे त्याच्या जागी रॉय हॉजसन आला तेव्हा पण लीगच्या पुढच्या तीन मॅच पॅलेस हरलीच, तीही एकही गोल न करता, म्हणजे एकूण सात झाल्या. पण सीझन संपला तेव्हा टीम अकराव्या नंबरवर होती. हॉजसनने काय जादू केली? काही नाही, खेळाडूंना जे येतं ते करायला दिलं.

सीझनच्या मध्यात येणाऱ्याची तर अजून वाट लागते. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये युनायटेडला आला, त्याचं ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) पक्कं ठरलेलं, टीम चार डिफेंडरच्या हिशोबाने जमवलेली, विंगबॅक (कडेने मागेपुढे पळणारा) म्हणावा असा खेळाडू धड नाही, आणि दर तिसऱ्या चौथ्या दिवशी मॅच. लोकांना वाटतं की मॅनेजर आठवडाभर ट्रेनिंग घेतो. आठवड्याला दोन मॅच असल्या की एक दिवस रिकव्हरी, एक दिवस प्रवास, मॅचच्या आदल्या दिवशी हलकं सेशन, उरतं काय? कधीकधी चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत नवीन फॉर्मेशन शिकवायची. त्या सीझनला युनायटेड पंधरावी आली. आता यात अमोरिमचा दोष नाहीच का, तर आहे, स्वतःला जराही न वाकवणं हा दोषच आहे. पण त्याला आणणाऱ्यांना तो काय खेळवतो हे माहीत नव्हतं का? मॅनेजर नेमणाऱ्याचीही परीक्षा घ्यायला हवी, ती कोणी घेत नाही.

म्हणून तुमच्या मॅनेजरबद्दल पहिला प्रश्न हा विचारा की आधीच्या क्लबात तो कसा खेळवायचा आणि तुमच्या टीममधले किती जण आज, काही नवीन विकत न घेता, तसं खेळू शकतील. कागद घ्या आणि अकरा नावं लिहा. सातच्या वर आली तर खूश व्हा. चार आली तर तुमच्या मित्राचे सहा महिने अगदीच चुकीचे नाहीत, मॅनेजर कितीही भारी असला तरी.

दुसरी गोष्ट फॅन्स बघतच नाहीत, ती म्हणजे तो बरोबर कोणाला घेऊन आलाय. आमच्या आतल्या लोकांचं पहिलं लक्ष तिथेच असतं (थोडं स्वार्थानेही, कारण त्याने स्वतःचा ॲनालिस्ट आणला की आपली नोकरी गेली). ब्रायन क्लफचं उदाहरण जुनं आहे पण याहून चांगलं मला सापडलेलं नाही. डर्बीला १९७२ मध्ये चॅम्पियन केलेला माणूस १९७४ मध्ये लीड्सला गेला आणि ४४ दिवसांत बाहेर पडला. एक तर ज्या टीमला तो वर्षानुवर्षं उघड शिव्या घालत होता तीच टीम सांभाळायला गेला, आणि दुसरं म्हणजे त्याचा जोडीदार पीटर टेलर त्याच्याबरोबर गेलाच नाही. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला टेलर १९७६ मध्ये त्याला येऊन मिळाला, आणि मग १९७७ ला प्रमोशन, १९७८ ला लीग, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. क्लफ तोच होता ना? खेळाडू हेरणारा आणि क्लफच्या डोक्याला आवर घालणारा माणूस तेवढा परत आला होता.

याची उलटी बाजू पण आहे. डेव्हिड मोयेस २०१३ मध्ये युनायटेडला आला तो एव्हर्टनचा स्वतःचा स्टाफ घेऊन, आणि आधीचा मॅनेजर फर्ग्युसनच्या काळातले फेलन, म्यूलेनस्टीन, गोलकीपिंगवाला स्टील हे सगळे गेले. कोणता खेळाडू कशाने चिडतो, कोणाचा गुडघा थंडीत दुखतो, कोणाला मॅचआधी एकटं सोडायचं, ही माहिती कुठल्या फाईलमध्ये नसते, ती माणसांच्या डोक्यात असते आणि ती माणसं एका समरमध्ये दाराबाहेर गेली. सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट होतं, दहा महिन्यांत संपलं. माझ्या अनुभवात टिकलेल्या मॅनेजरांनी स्वतःचे दोन-तीन जण आणले पण जुन्यातला एक तरी नीट धरून ठेवला. जो पहिल्याच दिवशी सगळे जुने काढतो तो आत्मविश्वासाने नाही, भीतीने तसं करतो, असं माझं मत.

आता नव्याचे नऊ दिवस. पहिल्या चार-पाच मॅच जिंकल्या की "बघ, म्हटलं नव्हतं?" चे मेसेज सुरू होतात. त्याला फार किंमत देऊ नका, आणि कारण साधं आहे. मॅनेजर कधी काढतात? टीम सलग हरतेय तेव्हा. सलग हरण्यात थोडा वाईट खेळ असतो आणि थोडं वाईट नशीब असतं, पोस्टला लागलेले बॉल, शेवटच्या मिनिटाचे गोल, मेन स्ट्रायकर इंज्युअर्ड. ते नशीब कधीतरी सरळ होणारच असतं, मॅनेजर बदला किंवा नका बदलू. नेदरलँड्सच्या वरच्या लीगचा १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास झालेला आहे. त्यात मॅनेजर काढलेल्या टीम आणि तशाच घसरगुंडीला लागूनही मॅनेजर ठेवलेल्या टीम शेजारी ठेवून बघितल्या, तर दोघी जवळपास सारख्याच सावरल्या. सोल्स्कियरने डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडला आल्यावर पहिल्या १९ पैकी १४ मॅच जिंकल्या, पॅरिसमध्ये जाऊन पीएसजीला बाहेर काढलं, मार्चमध्ये कायमचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि सीझनचा शेवट काय झाला? घरच्या मैदानावर, आधीच रेलिगेट झालेल्या कार्डिफकडून ०-२.

पहिल्या मॅचवरून तर काहीच धरू नका. शितावरून भाताची परीक्षा फुटबॉलमध्ये चालत नाही. ग्वार्डिओलाची बार्सिलोना २००८ मध्ये लीगची पहिली मॅच नुमान्सियाकडून हरली होती, दुसरी ड्रॉ, आणि त्याच सीझनला तिन्ही मोठे कप त्यांच्याकडे होते. फर्ग्युसनची युनायटेडमधली पहिली मॅच ऑक्सफर्डविरुद्ध ०-२ गेली.

मग बघायचं काय? इथे मला जरा जास्त बोलू द्या, कारण हेच माझं काम होतं.

बॉलकडे बघणं सोडा. अवघड आहे, डोळे आपोआप तिकडे जातात, पण मॅचची दहा मिनिटं ठरवून करा. तुमची टीम अटॅक करत असताना मागे उरलेले तीन-चार खेळाडू कुठे उभे आहेत ते बघा. विरोधी स्ट्रायकरला चिकटलेत का, की अर्ध्या लाईनवर कमरेवर हात ठेवून पुढची मजा बघतायत? चांगल्या ट्रेनिंगमधली टीम अटॅक करतानाच बॉल गेला तर काय याची तयारी करून उभी असते. आम्ही याला रेस्ट डिफेन्स म्हणतो. नवा मॅनेजर काम करतोय याची पहिली खूण मला कायम इथे दिसलीये, गोल आणि पॉइंट्स नंतर आले. आणि जिथे ही खूण दोन महिन्यांनी पण दिसली नाही तिथे सुरुवातीचे विजय कितीही गोड असले तरी नंतर बोंब झालीच.

त्यानंतर बॉल गेल्यावरचे पाच सेकंद. पहिला माणूस बॉलवर धावला की बाकीचे त्याच्या मागे सरकतात का? एकटा धावतोय आणि बाकी उभे आहेत असं असेल तर ते प्रेसिंग नव्हे, ती एकट्याची मॉर्निंग वॉक. नवीन मॅनेजरच्या टीममध्ये सुरुवातीला हे असंच फाटलेलं दिसतं, तिघांना समजलंय आणि सात जणांना नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चौथ्या मॅचला तिघं होते तर आठव्या मॅचला सहा व्हायला पाहिजेत.

एक मॅनेजर होता माझा, नाव-गाव सोडा, त्याने पहिल्या आठपैकी पाच मॅच घालवल्या. बाहेर "चालता हो" चे बोर्ड. आत मी रोज क्लिप्स काढत होतो आणि मला दिसत होतं की त्याच त्या जागी तीच ती हालचाल होतेय, विंगर आत येतोय, फुलबॅक बाहेरून जातोय, बॉल बॉक्सच्या कडेवर येतोय आणि मग शेवटचा पास बोंबलतोय. म्हणजे रस्ता पक्का झाला होता, शेवटचं दार उघडत नव्हतं. ते उघडलं दहाव्या मॅचपासून. त्याच्या आधीचा मॅनेजर मात्र पहिल्या आठपैकी सहा जिंकला होता आणि त्या सहा विजयांतले गोल असे की त्यातले दोन सारखे शोधून दाखवा, एक लांबून बसला, एक डिफ्लेक्शन, एक कीपरची चूक. तो सीझन पूर्ण करू शकला नाही. क्लबने दोघांना सारखीच वागणूक द्यायचं ठरवलं होतं, नंतर आलेल्याला पण जवळजवळ काढलाच होता, एका डायरेक्टरच्या हट्टाने वाचला.

आकड्यांमध्ये बघायचं असेल तर एक्सपेक्टेड गोल्स बघा. प्रत्येक शॉट कुठून आणि कसा मारलाय त्यावरून तो गोल होण्याची शक्यता किती हे ते सांगतं, पेनल्टीला पाऊणपेक्षा थोडी जास्त, तीस यार्डांवरून मारलेल्याला अगदीच नगण्य. पण एका मॅचचा आकडा घेऊन भांडू नका, आठ-दहा मॅचची सरासरी घ्या, आणि त्यातही समोरच्या टीम कोण होत्या ते बघा. सुरुवातीलाच वरच्या चार टीम आल्या तर आकडा वाईट येणारच. पझेशनच्या टक्क्यांवरून तर अजिबात वाद घालू नका, सेंटर बॅक एकमेकांना पास देत बसले तरी तो आकडा फुगतो.

सबस्टिट्यूशन कडे पण लक्ष ठेवा, पण लोक ठेवतात तसं नाही. "त्याला का काढलं, याला का आणलं" हे सोडा. टीम मागे असताना तो जे बदल करतो त्यात काही सूत्र आहे का ते बघा. तीन मॅचमध्ये तीन वेगळ्या प्रकारे घाबरणारा मॅनेजर आणि तीन मॅचमध्ये तोच प्लॅन बी काढणारा मॅनेजर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो प्लॅन बी फसला तरी.

आणि वेळ द्या म्हणणाऱ्यांबद्दल एक. दर वेळी फर्ग्युसनचं नाव काढतात. बरोबर आहे, नोव्हेंबर १९८६ ला युनायटेडला आला आणि पहिला कप मे १९९० ला, मधल्या वर्षांत लीगमध्ये अकरावा, दुसरा, अकरावा, तेरावा. पण म्हणून चार वर्षं कोणालाही द्यायची असं नाही निघत त्यातून. फर्ग्युसनला वेळ देताना क्लबला काहीतरी दिसत होतं: युथ टीमचं स्काउटिंग नव्याने उभं राहत होतं, दारूत बुडालेली ड्रेसिंग रूम साफ होत होती, मॅकग्राथ आणि व्हाइटसाइडसारखे लाडके खेळाडू १९८९ ला विकायची हिंमत त्याने केली. रिझल्ट नव्हते पण काम दिसत होतं. काम दिसत नसताना नुसता वेळ देणं म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. झाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये लेव्हरकुसेनला आला तेव्हा टीम सतराव्या नंबरवर, अनुभव म्हणजे रेआल सोसिएदादची बी टीम. पहिली मॅच ४-० जिंकली आणि मग फ्रँकफर्टकडून पाच खाल्ले. सीझनअखेर सहावे आले. तेव्हा कोणाला वाटलं असेल की पुढच्या सीझनला हेच लोक ३४ पैकी एकही मॅच न हरता चॅम्पियन होतील? पण मधल्या समरमध्ये क्लबने त्याच्या खेळाला लागणारेच लोक आणले, झाका, ग्रिमाल्डो, होफमान, बोनिफास. मॅनेजर आणि खरेदी करणारा माणूस एकाच भाषेत बोलत होते. तुमच्या क्लबमध्ये ते बोलतात का, हे मला माहीत नाही, पण पहिली ट्रान्सफर विंडो (खेळाडू खरेदीचा काळ) संपली की तुम्हाला कळेल, कारण मॅनेजरला लेफ्ट बॅक हवा असताना चौथा विंगर आला तर समजायचं काय ते.

तर तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांनी मिळून एक करा. पहिल्या मॅचची पहिली वीस मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा आणि दहाव्या मॅचची पहिली वीस मिनिटं, मग दोन्ही लागोपाठ बघा, आवाज बंद करून, कारण कॉमेंटेटर टेबल बघून बोलतो. मागे उरलेले चौघं कुठे उभे आहेत तेवढंच मोजा. दहाव्या मॅचमध्ये ते दहा-पंधरा पावलं पुढे आलेले दिसले तर टीम बाराव्या नंबरवर असली तरी पार्टी मित्राकडून घ्या.